‘न्यूज’ चार दिशांतून आलेली नाही

गणपतीत आमच्या सोसायटीत मुलांची प्रश्नमंजूषा होती. सातवीतल्या एका मुलीला प्रश्न आला, ‘न्यूज या शब्दाचा अर्थ काय?’ तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘न्यू म्हणजे नवीन. त्याचं अनेकवचन. म्हणजे नव्या नव्या गोष्टी.’ प्रश्न विचारणाऱ्या काकांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि ‘चूक’ म्हणाले. कागदावर उत्तर होतं : नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. पुढच्या गटातल्या मुलानं ते धडाधड सांगितलं, टाळ्या पडल्या, गुण तिकडे गेले. मुलगी खाली बसली.

मी मंडपात मागे उभा होतो. वर्तमानपत्राच्या डेस्कवर वीसेक वर्षं बातम्या तपासण्यात घालवल्यावर तरी त्याच क्षणी पुढे होऊन बोलायला हवं होतं. बोललो नाही, आणि ते मनाला लागून राहिलं. त्या मुलीचं उत्तर बरोबर होतं. तिनं कुठे वाचलेलंही नव्हतं. शब्द समोर ठेवून, त्याची घडण बघून तिनं ते काढलं होतं. शब्दाचा अभ्यास करायचा असतो तो असाच. म्हणून आता नीट, एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

काकांच्या कागदावरचं उत्तर आलं ते आपल्या सगळ्यांच्या फोनवर फिरणाऱ्या एका संदेशातून. मला तो वर्षातून चार-पाच वेळा येतो, ६ जानेवारीला पत्रकार दिनाच्या दिवशी तर हमखास. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : न्यूज हा शब्द म्हणजे उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण या दिशांच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरं. बातमी चारही दिशांकडून येते म्हणून हे नाव. पूर्वीच्या वर्तमानपत्रांच्या माथ्यावर ही चार अक्षरं छापत, तिथून शब्द रूढ झाला. ही माहिती शेकडो वर्षांपूर्वीच्या पुस्तकांतही आहे. ‘न्यू’शी त्याचं साम्य हा योगायोग. आणि खाली जोडपत्र : पेन, टी, चेस, ओके, बाय अशा शब्दांचे ‘आपल्याला माहीत नसलेले फुल फॉर्म’.

आधी अक्षरांचंच बघू. आज आपण न्यूज चार अक्षरांत लिहितो, म्हणून चार दिशा त्यात बसतात. पण हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा तो चार अक्षरांचा नव्हता. जुन्या लिखाणात तो सर्रास पाच अक्षरांत सापडतो : एन, ई, डब्ल्यू, ई, एस. कुठे दुसऱ्या ई-ऐवजी आय, कुठे वाय. त्या काळी इंग्रजी स्पेलिंग पक्कं झालेलं नव्हतं, लिहिणारा कानाला येईल तसं लिही. या सगळ्या रूपांत सारखं काय आहे? आधी ‘न्यू’ आणि मागे अनेकवचनाचा प्रत्यय. तो प्रत्यय तेव्हा ‘एस’ इतका आखूड नव्हता, ‘ईएस’ असा वेगळा उच्चारला जाई. दिशांचीच अक्षरं असती, तर मधला तो ई कोणत्या दिशेचा? दोनदा पूर्व?

क्रमही बघा. इंग्रज माणूस दिशा मोजतो तेव्हा ‘नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट’ म्हणतो. खलाशी होकायंत्रावर घड्याळाच्या काट्याप्रमाणे जातो : उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम. उत्तर-पूर्व-पश्चिम-दक्षिण या क्रमानं कुणीच दिशा म्हणत नाही. हा क्रम फक्त एकाच ठिकाणी लागतो, न्यूज हा शब्द आधी हातात असेल आणि त्यात दिशा कोंबायच्या असतील तेव्हा.

उच्चारही काही सांगतो. या शब्दाच्या शेवटी ‘स’ नाही, ‘झ’ आहे. ‘बॉइज’, ‘डेज’, ‘कीज’ यांच्या शेवटी येतो तोच. स्वरानंतर अनेकवचनाचा एस इंग्रजीत असाच घोषयुक्त, म्हणजे गळ्यात कंप होऊन उच्चारलेला, होतो. साउथमधला ‘स’ कुणी ‘झ’ म्हणत नाही.

सगळ्यात ठळक खूण मात्र व्याकरणात आहे, आणि ती आपल्याला शाळेत शिकवलेली असते, फक्त कारण न सांगता. इंग्रजीत ‘अ न्यूज’ म्हणत नाहीत, ‘अ पीस ऑफ न्यूज’ म्हणायला लागतं. का? कारण तो शब्द जन्मानं अनेकवचनी आहे. आद्याक्षरांतून झालेल्या शब्दांना ही अडचण येत नाही. रडार हा खरोखरच आद्याक्षरांचा शब्द, त्यामुळे ‘अ रडार’ खुशाल चालतं. ‘अ लेझर’ चालतं. न्यूजला चालत नाही, कारण एका गोष्टीला ‘नव्या गोष्टी’ कसं म्हणणार?

हे अनेकवचन एकवचनाकडे कसं कलत गेलं, ते पाहण्यासारखं आहे. शेक्सपिअरच्या काळात दोन्ही चालू होतं. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये ज्युलिएट दाईची वाट पाहत तळमळते आहे. दाई रोमिओचा निरोप घेऊन येते, पण आल्या आल्या बोलतच नाही, दमल्याच्या तक्रारी करत बसते. ज्युलिएट तिला विनवते : बातमी वाईट असली तरी हसतमुखानं सांग, आणि चांगली असेल तर असं आंबट तोंड करून तिचं गोड संगीत बिघडवू नकोस. या ओळींत शेक्सपिअरनं न्यूजसाठी ‘देम’ वापरलंय. म्हणजे ‘ती’ नव्हे, ‘त्या’. सोळाव्या शतकाच्या शेवटी या शब्दाचं अनेकवचन अजून जिवंत होतं, ते आपल्याला इथे प्रत्यक्ष दिसतं. जुनी सवय पुढे बराच काळ टिकली. व्हिक्टोरिया राणीच्या १८६१ च्या एका पत्रात ऑस्ट्रियाकडून आलेल्या न्यूजबद्दल लिहिताना क्रियापद ‘आर’ आहे. राणीच्या कानाला तोवर तो शब्द अनेकवचनी लागत होता. चार दिशांच्या लघुरूपाला ही सगळी ओढाताण करावी लागलीच नसती.

दुसरा मुद्दा वर्तमानपत्रांच्या माथ्याचा. हा दावा ऐकायला भारदस्त आहे, पण सालं मांडली की तो उभा राहत नाही. न्यूज हा शब्द ‘नव्या गोष्टी’ या अर्थानं इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या अखेरीस दिसतो. ‘ताजी खबर’ हा अर्थ पंधराव्या शतकात स्थिर होतो. इंग्लंडमध्ये कॅक्स्टननं छापखाना काढला तो १४७६ मध्ये. जगातलं पहिलं छापील वर्तमानपत्र मानलं जातं ते योहान कारोलुसचं, स्ट्रासबुर्गमधलं, १६०५ चं, आणि ते जर्मन भाषेत होतं. इंग्रजी भाषेतलं पहिलं बातमीपत्र निघालं १६२० मध्ये, तेही लंडनला नव्हे तर ॲम्स्टरडॅमला. लंडनमध्ये अशी पत्रं निघू लागली पुढच्या वर्षी. १६६५ मध्ये ‘ऑक्सफर्ड गॅझेट’ आलं, जे पुढे ‘लंडन गॅझेट’ झालं. इंग्रजीतलं पहिलं दैनिक, ‘डेली कोरंट’, ११ मार्च १७०२ चं. म्हणजे माथा असलेलं इंग्रजी वर्तमानपत्र निघालं, तोवर न्यूज हा शब्द दोनशे वर्षांहून अधिक काळ लोकांच्या तोंडी होता. आणि ‘न्यूजपेपर’ हा जोडशब्द तर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. न्यूज होती म्हणून तिच्या कागदाला न्यूजपेपर म्हटलं.

त्या काळच्या पत्रांची नावंच वाचा : कोरंट म्हणजे धावतं, गॅझेट हा इटलीतून आलेला शब्द, मर्क्युरी म्हणजे देवांचा दूत, इंटेलिजन्सर म्हणजे खबर देणारा. यांत दिशा कुठेही नाहीत. एखाद्या पत्रानं नंतर हौसेनं माथ्यावर पृथ्वीगोल किंवा होकायंत्र छापलं असेल, तर त्यात काही आश्चर्य नाही. आपल्याकडेही वर्तमानपत्रांच्या माथ्यावर दिवे, मशाली, उगवते सूर्य असतात. त्यांवरून ‘वृत्त’ या शब्दाचा उगम दिव्यात आहे असं कुणी म्हणत नाही. चित्र शब्दाच्या मागून आलेलं असतं. इंग्लंडमध्ये ब्रूअरच्या म्हणी-वाक्प्रचारांच्या कोशात हा माथ्याचा दावा एकोणिसाव्या शतकातच नोंदवलेला आहे, आणि तिथेच तो खोडलेलाही आहे. कल्पना चतुर आहे, पण जुनं पाच अक्षरांचं स्पेलिंग एवढं एकच तिला निकालात काढायला पुरेसं आहे, असं ब्रूअर सांगतो. संदेश लिहिणाऱ्यांनी दाव्याचा भाग उचलला आणि पुढचं वाक्य सोडून दिलं.

‘शेकडो वर्षांपूर्वीच्या पुस्तकांत आहे.’ हे मात्र खरं आहे, आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवं. १६४० मध्ये लंडनला चटकदार छोट्या पद्यांचा एक संग्रह छापला गेला. त्यात एक कडवं आहे : न्यूजची अक्षरं सोडवून पाहा, ती पत्रानं, शब्दानं, मुखानं येते आणि उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिणेकडून येते. ही कल्पना छापील रूपात पौने चारशे वर्षांहून जुनी आहे. पण हे पुस्तक कसलं होतं? विनोदी चुटक्यांचं. आपल्याकडे ज्याला कोटी म्हणतात, त्या जातीचं हे कडवं आहे. कवीला न्यूजचा अर्थ माहीत होता, वाचकालाही माहीत होता. म्हणूनच अक्षरं फोडून दाखवण्यात गंमत होती. कोटी कळायला मूळ शब्द आधी ठाऊक असावा लागतो. मूळ विसरलं आणि कोटीच मूळ म्हणून शिकवली जाऊ लागली, की ती कोटी उरत नाही, चूक होते.

या ठिकाणी आपल्या सवयीबद्दलही बोलायला हवं. अक्षरं फोडून अर्थ सांगायची आपल्याकडे मोठी आणि आदरणीय परंपरा आहे. गुरुगीतेत ‘गु’ म्हणजे अंधार आणि ‘रु’ म्हणजे तेज असं गुरूचं विवरण आहे. भक्तीच्या अंगानं ते सुंदर आहे, आणि ते म्हणणाऱ्याला त्यातून काहीतरी खरं मिळतं. पण गुरु या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ जड, वजनदार. लॅटिनमधला ‘ग्रॅव्हिस’ त्याचाच भाऊबंद. ज्याच्या शब्दाला वजन आहे तो गुरू. विवरण आणि व्युत्पत्ती ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दोन्हींना आपापली जागा आहे. चार दिशांच्या कोटीला मात्र विवरणाचीही खोली नाही. ती फक्त अक्षरांची जुळणी आहे.

आता तो मुद्दा, ज्यासाठी मला हे लिहावंसं वाटलं. ‘न्यू’शी साम्य हा योगायोग. हे वाक्य वाचलं की मला वाईट वाटतं, कारण ज्या दरवाजातून आत गेल्यावर सगळं घर दिसतं, नेमका तोच दरवाजा ते बंद करतं.

१०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर इंग्लंडच्या दरबारात, न्यायालयात आणि लिखाणात फ्रेंच भाषा बसली. फ्रेंचमध्ये बातमीला ‘नुव्हेल’ म्हणत, आजही म्हणतात. अर्थ : नव्या गोष्टी, अनेकवचन. त्याच्यामागे मध्ययुगीन लॅटिनचा ‘नोव्हा’, तोही ‘नव्या गोष्टी’, तोही अनेकवचन. इंग्रजांनी ती कल्पना घेतली, पण फ्रेंच शब्द न घेता आपल्याच ‘न्यू’ला अनेकवचनाचा प्रत्यय लावला. असं उसनं घेणं भाषांमध्ये नेहमीचं आहे.

मग आजूबाजूच्या भाषा बघा. डच लोक बातमीला ‘न्यूव्स’ म्हणतात, ते ‘न्यूव’ म्हणजे नवा यावरून. डचमध्ये दिशा आहेत नोर्ड, ओस्ट, वेस्ट, झाउड. त्यांची आद्याक्षरं जोडून बातमी होत नाही. वेल्शमध्ये ‘नेविद’ म्हणजे नवा आणि त्याच्या अनेकवचनातून बातमी. रशियनमध्ये ‘नोव्होस्ती’, पोलिशमध्ये ‘नोव्हिनी’, चेक भाषेत ‘नोव्हिनी’ म्हणजे तर अख्खं वर्तमानपत्र, आणि त्या सगळ्यांत ‘नव’ आहे, बहुतेक ठिकाणी अनेकवचनात. फिनलंडची भाषा या कुळातलीच नाही. तिथे नव्याला ‘ऊसी’ म्हणतात आणि बातम्यांना ‘ऊतिसेत’, म्हणजे पुन्हा ‘नव्या गोष्टी’, पुन्हा अनेकवचन. इतक्या भाषांनी स्वतंत्रपणे किंवा एकमेकींचं पाहून बातमीला ‘नव्या गोष्टी’ म्हटलं असेल, तर इंग्रजीचा ‘न्यू’ तेवढा योगायोगानं तिथे येऊन बसला असं कसं म्हणायचं?

आणि हा ‘न्यू’ आपल्या घरचा आहे. संस्कृत नव, लॅटिन नोव्हुस, ग्रीक निऑस, फारसीतल्या नौरोजमधला नौ, जर्मन नॉय, जुन्या इंग्रजीतला नीवे आणि आजचा न्यू, हे सगळे एकाच मुळाचे. भाषापंडित विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ ला कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं नातं मांडलं, तेव्हापासून या घराण्याचा अभ्यास चालू आहे. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण याच्या उलट दिशेचा संदेशही फिरत असतो : इंग्रजीनं न्यू संस्कृतातून उचललेला नाही. दोन्ही भाषा एका जुन्या भाषेच्या लेकी आहेत आणि आईचा शब्द दोघींकडे राहिला आहे. (संस्कृतात ‘नव’ म्हणजे नऊही होतं, लॅटिनमध्येही नवा आणि नऊ हे शब्द असेच जवळजवळ बसतात. ते मात्र वेगळं मूळ आहे. म्हणून नववर्षातला नव आणि नवरात्रातला नव एक नाहीत.)

मराठीत तर न्यूजची अख्खी कल्पनाच जिवंत आहे. गावाकडे पारावर, बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाला काय विचारतात? ‘काय नवीन?’ ‘काय नवल-विशेष?’ ‘नवं-जुनं काय?’ पत्रांच्या काळात ‘इकडे विशेष नवीन नाही’ हे वाक्य पोस्टकार्डावर ठरलेलं असे. नवल हा शब्द नव्यातूनच निघाला, जे नवं ते आश्चर्याचं. तो ज्ञानेश्वरीत जागोजागी भेटतो, इंग्रजीत न्यूज हा शब्द घडण्याच्या आधीच्या काळात. नवाई, नवखा, नवलाई हे त्याचेच नातलग. सातवीतली ती मुलगी ‘नव्या नव्या गोष्टी’ म्हणाली तेव्हा तिच्या तोंडून ही सगळी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत बोलत होती.

याला जोडून अजून एक धागा आहे, आणि तो मला फार आवडतो. न्यूज येण्याआधी इंग्रज बातमीला काय म्हणत? ‘टायडिंग्ज’. जुन्या इंग्रजीत ‘तीदन’ म्हणजे घडणं. जे घडलं ते टायडिंग. त्याचाच जर्मन भाऊ ‘त्साइटुंग’, आज त्याचा अर्थ वर्तमानपत्र. डॅनिश वर्तमानपत्रांच्या नावांत ‘तिदेन्दे’ येतं तेही तेच. आणि आपण? वृत्त, वर्तमान, वार्ता, हे सगळे ‘वृत्’ या धातूपासून, म्हणजे घडणं, होणं, वर्तणं. बातमीतला ‘बात’ही वार्तेतूनच आला. म्हणजे बातमीला नाव द्यायचे दोन रस्ते आहेत : ‘जे घडलं’ आणि ‘जे नवं’. इंग्रजीनं दोन्ही घेतले आणि पहिला हळूहळू मागे टाकला. मराठीनंही दोन्ही घेतले, पण छापील कामाला पहिला ठेवला आणि बोलण्यातल्या विचारपुशीला दुसरा. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघालं तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापत. एका बाजूला वर्तमान, दुसऱ्या बाजूला न्यूज.

अनेकवचनाचंही तसंच. पेशवाईत उत्तरेतल्या दरबारांतून हाती लिहिलेले ‘अखबार’ पुण्याला येत. अखबार हे अरबी ‘खबर’चं अनेकवचन आहे. आपणही रेडिओच्या काळापासून ‘सातच्या बातम्या लागल्या’ असंच म्हणतो, ‘बातमी लागली’ म्हणत नाही. बातमी एकटी येत नाही, हे सगळ्यांना जाणवलेलं दिसतं.

याच संदेशाचा एक धाकटा भाऊही आहे : न्यूज म्हणजे ‘नोटेबल इव्हेंट्स, वेदर अँड स्पोर्ट्स’. याला फार वेळ देत नाही. वर्तमानपत्रात जनतेसाठी हवामानाचा अंदाज पहिल्यांदा छापला गेला तो लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये, १ ऑगस्ट १८६१ ला. न्यूज त्याहून साडेचारशे वर्षांनी मोठी.

राहिलं जोडपत्र. आद्याक्षरं जोडून बोलता येईल असा शब्द करायची पद्धत मुख्यतः विसाव्या शतकातली, तीही लष्करातून आणि सरकारी खात्यांतून पसरलेली. पहिल्या महायुद्धातला अँझॅक (ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या फौजेचं लघुरूप), १९४० च्या सुमाराचा रडार, १९६० च्या आसपासचा लेझर. अशा शब्दांसाठी असलेला ‘ॲक्रोनिम’ हा इंग्रजी शब्दसुद्धा १९४० च्या दशकात रुळला. त्यामुळे एखादा इंग्रजी शब्द तीन-चारशे वर्षं जुना असेल आणि कुणी त्याचा फुल फॉर्म सांगत असेल, तर आधी थांबावं. पेन हा लॅटिन ‘पेन्ना’वरून, म्हणजे पीस, कारण पिसानंच लिहीत असत. टी हा चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बोलीतला ‘ते’. आपला चहा चीनच्याच दुसऱ्या बोलींतल्या ‘चा’वरून आला. बायच्या बाबतीत संदेश अर्धा बरोबर आहे : त्यात ‘देव तुझ्यासोबत असो’ खरंच आहे, पण फुल फॉर्म म्हणून नाही, तर ते संपूर्ण वाक्य बोलून बोलून झिजलं आणि ‘गुडबाय’ झालं. ओके मात्र खरोखर आद्याक्षरांचा आहे, १८३९ मध्ये बॉस्टनच्या वर्तमानपत्रात ‘ऑल करेक्ट’चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून लिहिलेला. संदेशात त्याचा अर्थ ‘ऑब्जेक्शन किल्ड’ दिलाय. एक खरा नमुना हातात असून तोही चुकवला.

चेसबद्दल दोन ओळी, कारण तो आपला आहे. संदेश म्हणतो, चॅरियट, हॉर्स, एलिफंट, सोल्जर्स. रथ, घोडे, हत्ती, पायदळ हे या खेळात खरोखर आहेत. म्हणूनच त्याचं संस्कृत नाव चतुरंग, चार अंगांची सेना. ते फारसीत चतरंग झालं, अरबीत शतरंज. पण इंग्रजी चेस तिथून नाही आला. तो फारसी ‘शाह’वरून, राजाला शह देतानाच्या पुकाऱ्यातून, फ्रेंचमार्गे आला. शह हा शब्द आपण अजून वापरतो. खरी गोष्ट एवढी जवळ असताना इंग्रजी आद्याक्षरं का जोडायची?

शेवटचा मुद्दा संदेशात नाही, पण तो मला नेहमी ऐकवला जातो. ‘खरं असो की नसो, मुलांच्या लक्षात राहतं ना? काय बिघडलं?’ बिघडतं ते असं. चार दिशा पाठ केलेल्या मुलाला त्या माहितीतून पुढे कुठे जाता येत नाही. ‘अ न्यूज’ का चूक हे त्याला कळत नाही, नुव्हेल दिसला तर ओळखू येत नाही, नवलशी नातं जुळत नाही. उलट त्याला असं वाटू लागतं की शब्द म्हणजे कुलूप आणि त्याची किल्ली कुणीतरी पाठवलेल्या यादीत असते. त्या मुलीनं स्वतः शब्द उघडला होता आणि तिला चूक ठरवलं गेलं. पुढच्या वेळी ती विचार न करता यादी पाठ करून आली, तर दोष तिचा नसेल.

विसर्जनानंतर त्या काकांकडे जाऊन मी हे सगळं सांगितलं. भला माणूस. त्यांनी निमूट ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘चला, तिच्या घरी जाऊन सांगू.’ आम्ही गेलो. काकांनी स्वतः तिला सांगितलं की तुझं उत्तर बरोबर होतं. मी नव, न्यू, नवल, नौरोज असं सगळं वहीवर लिहून दाखवलं. तिनं यादी खालपर्यंत वाचली आणि विचारलं, ‘मग नवरा-नवरी पण यातलेच का?’

यातलेच. नवरा म्हणजे नव-वर, नुकताच वर झालेला. नवरी त्याचंच स्त्रीलिंग. तिनं वहीत तळाशी ते दोन्ही स्वतःच लिहून टाकले.